लाईट गेल्यावरची पहिली दहा मिनिटं

करकंबला लाईट जाते तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही. वळवाच्या वाऱ्यात कुठंतरी तारेला तार लागते, डीपीवरचा डीओ फ्यूज उडतो, नाहीतर अख्खा फीडरच ट्रिप होतो. वायरमनला फोन लावायचा आणि वाट बघायची. पंढरपूर तालुक्यातल्या या ऊस-द्राक्षांच्या गावानं भारनियमनाची वर्षंच्या वर्षं काढली आहेत. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, त्याची देशभर चर्चा झाली. इकडं तसल्या सकाळी लिहून ठेवायच्या म्हटल्या तर वही पुरायची नाही.

आता मात्र पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, जुन्या दप्तराच्या कपाटाला लागून, एक सर्व्हर असतो. काउंटरवर पिग्मीची रक्कम भरली की तिची नोंद त्याच्या डिस्कवर जाते. अशाच एका संस्थेत, रविवारी काउंटर बंद असताना, संगणक सांभाळणाऱ्या तरुणानं आधी बॅकअप घेतला आणि मग यूपीएसचा प्लग भिंतीतून मुद्दाम ओढून काढला. मॅनेजर आणि मी शेजारी उभे होतो.

यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि शिट्टी सुरू झाली. सर्व्हरचा पंखा मात्र फिरतच होता. यूपीएसपासून सर्व्हरपर्यंत एक साधी यूएसबी केबल जाते. तिच्यावरून निरोप गेला आणि स्क्रीनवर ओळ उमटली, की आपण आता बॅटरीवर आहोत. बऱ्याच ठिकाणी ही केबल खोक्यातच पडून असते. मग यूपीएस शिट्ट्या मारतो, सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो आणि बॅटरी संपली की तो धाडकन बंद पडतो.

“पहिली दोन मिनिटं काहीच करायचं नाही,” तो तरुण म्हणाला. गावातली निम्मी लाईट जाऊन लगेच येणारी असते. तेवढ्यासाठी काउंटर बंद पाडण्यात अर्थ नाही. दोन मिनिटं उलटली तेव्हा काउंटरच्या संगणकांवर सूचना गेली. नंतर नव्या नोंदी घेणं थांबलं, मग डेटाबेस बंद झाला आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम. हा क्रम उलटा करून चालत नाही.

डेटाबेस आपल्या जुन्या हिशेबनिसासारखा वागतो. आधी कीर्दीत ओळ लिहितो, खतावणी नंतर करतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना कीर्द वाचून खतावणी पुरी करतो. म्हणून चांगला डेटाबेस एका धक्क्यानं सहसा मरत नाही. घोटाळा होतो तो डिस्कपाशी. काही डिस्क ‘लिहिलं’ म्हणून कळवतात, पण मजकूर अजून त्यांच्या तात्पुरत्या मेमरीतच असतो. त्या क्षणी वीज गेली तर कीर्दीतलीच ओळ गायब. ग्राहकाच्या हातात पावती आहे आणि खात्यात रक्कम नाही, असा वाद मग मॅनेजरांच्या टेबलावर येतो.

सर्व्हर बंद झाला आणि थोड्या वेळानं यूपीएसनं आपलं आउटपुटही तोडलं. बॅटरी शिल्लक असताना हे कशाला, असं मी विचारलं. उत्तर मला सगळ्यांत आवडलं. सर्व्हर बंद होत असतानाच लाईट आली, तर त्याच्या लेखी वीज गेलेलीच नसते. मग तो आपोआप सुरू व्हायचं कारणच उरत नाही. सोमवारी सकाळी रांग लागते आणि खोलीची किल्ली पंढरपूरला गेलेल्या माणसाकडं असते! वीज एकदा खरोखर तोडून परत दिली, तरच यंत्र उठतं. तेही लगेच उठवायचं नाही. वादळात लाईट येते, जाते, पुन्हा येते. रिकाम्या बॅटरीवर दुसरा झटका बसला तर नीट बंद व्हायलाही वेळ उरत नाही. म्हणून बॅटरी काही टक्के भरल्याशिवाय आउटपुट द्यायचं नाही, अशी सेटिंग त्यानं करून ठेवली होती.

आता बॅटऱ्या. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांच्या दोन, म्हणजे 168 वॅट-तास. सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच मिळून 200 वॅट ओढतात, तेव्हा कागदावर 50 मिनिटं. पण तो 7 चा आकडा वीस तास सावकाश वापरली तरचा. घाईनं ओढली की नवी जोडीसुद्धा निम्म्याच्या आसपासच देते. त्यात उन्हाळा. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातला मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्यावर कुणीतरी लेझर प्रिंटरही यूपीएसलाच लावून ठेवला होता. त्या तरुणानं न बोलता प्रिंटरची पिन काढून भिंतीत खोचली.

मग सर्व्हरच्या जागी 100 वॅटचे दोन पिवळे बल्ब जोडले, यूपीएसची पुढची पट्टी काढली आणि मीटरच्या तारा एकेका बॅटरीला टेकवल्या. चार्जिंगवर असताना दोन्ही 13.6 दाखवत होत्या, अगदी जुळ्या. प्लग काढल्यावर एक 12.1 वर स्थिरावली. दुसरी 11.2 वरून उतरत बघता बघता 10.5 च्या खाली गेली. यूपीएस दोघींची बेरीज तेवढी बघतो, त्यामुळं पडद्यावर अजून निम्मी बॅटरी शिल्लक दिसत होती. सर्व्हर टक्क्यांवर नाही, मिनिटांवर बंद करायचा हा त्याचा हट्ट तेव्हा मला पटला.

“एकच बदलली तर नाही का भागायचं?” मॅनेजरांनी विचारलं.

“नाही साहेब. जुनी नवीलाही घेऊन बसती. जोडीच घाला.”

जुन्या जोडीच्या शिशाच्या भंगाराचे पैसे नव्या बिलातून वजा होतात, एवढं ऐकल्यावर मॅनेजरांनी व्हाउचर काढायला सांगितलं.