पाणी पळवा, माल टिकवा!

वसई-विरार म्हटलं की आठवते ती खचाखच भरलेली लोकल. पण दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या नालासोपाऱ्याला गर्दी असायची ती गलबतांची! तेव्हा त्याचं नाव होतं शूर्पारक. सम्राट अशोकाने आपले आदेश इथे दगडावर कोरवले होते. त्यातला एक तुकडा १८८२ साली संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला.

या किनाऱ्यावर राहणाऱ्यांपुढे मोठाच पेच होता. सकाळची मासळी संध्याकाळपर्यंत नासायची, पिकलेली केळी चार दिवसांत काळी पडायची. फ्रीज तर नव्हता! मग त्यांनी उन्हालाच कामाला लावलं.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आजही बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. नीट बघा, ते दोरीने बांधलेले नसतात! एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची. ओल्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. ते उडालं की कुजवणाऱ्या जिवाणूंची पंचाईत, कारण पाण्यावाचून ते वाढूच शकत नाहीत.

वाडीतली राजेळी केळी पिकली की सोलून काही दिवस उन्हात वाळवतात. झाली चिवट, गोड सुकेळी! थोडंफार पाणी उरतं, पण साखर ते असं धरून ठेवते की जिवाणूंना त्याचा काही उपयोग होत नाही.

नायगाव-जूचंद्रच्या मिठागरांत तर पाणी उडाल्यावर उरतं तोच माल. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचं पाणी आत घेऊन या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत आटवतात. आधी चुनखडी आणि जिप्सम तळाशी बसतात. पाणी साधारण दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरू लागतं. पण सगळं पाणी आटू द्यायचं नाही हं! शेवटच्या पाण्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार असतात. म्हणून मीठ ओढून घ्यायचं आणि कडू पाणी सोडून द्यायचं.

आता तुमची पाळी. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवा, गडद रंगाच्या ताटलीत ओता आणि न हलवता उन्हात ठेवा. सुकलं की भिंगातून चौकोनी खडे बघा. मग साखरेचं पाणी ठेवा. तिचेही खडे चौकोनीच होतील? आधी अंदाज वहीत लिहा, मगच ताटली बाहेर ठेवा!