डेरा आणि गर्गरी

कर्जत-खालापूरकडील जुन्या घरांतून ताक करण्याचें भांडें म्हणजे डेरा. मातीचा, पोटानें मोठा, तोंडास रुंद. तो घुसळखांबापाशीं ठेवून, खांबास अडकविलेल्या रवीला दोरीचे वेढे देत व दोरीचीं टोंकें आळीपाळीनें ओढीत. आयर्लंडांतील याच कामाचें भांडें, 'किन्योग', लांकडी पट्ट्यांचें व उभें असे. त्यांत दांडा फिरवीत नसत, वरखालीं हाणीत.

अमरकोशांत या भांड्यास 'मन्थनी' व 'गर्गरी' असे दोन शब्द असून शेजारींच रवी व घुसळखांब यांचींहि नांवें आहेत. (रवीस तेथें 'वैशाख' म्हटलें आहे, महिन्याशीं घोटाळा नको.) तेव्हां अमराची गर्गरी म्हणजे डेराच. तिच्यापासून प्राकृतद्वारां आपली 'घागर' आली. हिंदी-गुजरातींत 'गागर' राहिली, मराठींत आद्य ग महाप्राण झाला. अर्थ मात्र ताकावरून पाण्यावर गेला.

या सादृश्यानें आम्हीच फसलों. अमर शिकवितांना 'गर्गरी म्हणजे घागर' असें आम्हीं वर्षानुवर्षें सांगितलें. एकदां खालापुराकडील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, घागरीच्या एवढ्याशा तोंडांतून रवी कशी फिरेल?" आम्हीं त्यास दटावून खालीं बसविलें. प्रश्न त्याचाच बरोबर होता, व घरीं डेरा पाहिला होता म्हणूनच तो त्यास सुचला.

आतां बहुतेक डेरे फुटले किंवा माळ्यावर गेले. ज्यांच्या घरीं एखादा शिल्लक असेल त्यांनीं त्याच्या तोंडाचें व पोटाचें माप आणि घरांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडचीं सर्व साहित्याचीं नांवें आम्हांस कळवावीं.