हसरा शेतकरी, साडेआठ रुपये फक्त!

क्लायंटची डिमांड साधी असते. ‘ब्रोशरवर एक हसरा शेतकरी टाका ना. पण फार गरीब नको वाटायला.’ तुम्ही स्टॉक फोटोंच्या साइटवर जाता, ‘इंडियन फार्मर’ टाइप करता आणि समोर फेटेवाल्यांची फौज उभी राहते. कुणाच्या हातात गव्हाच्या ओंब्या, कुणाच्या हातात लॅपटॉप, कुणी चक्क एटीएम कार्ड नाचवतोय. सिलेक्ट, डाउनलोड, पेस्ट. दोन मिनिटांत काम फत्ते! कंपनीचं सबस्क्रिप्शन असतं, त्यामुळे या फोटोचे कुणाला किती पैसे गेले, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही.

माझ्या येतो, कारण मी या धंद्याच्या दोन्ही टोकांना आहे. पुण्यात एका एजन्सीत डिझायनर म्हणून असे फोटो रोज उतरवून घेतो. आणि महिन्या-दोन महिन्यांनी मनमाडला गाडी बदलून नांदगावला घरी गेलो की कॅमेरा गळ्यात अडकवून असेच फोटो काढतो आणि साइटवर चढवतो. कांद्याची चाळ, बाजाराचा दिवस, एसटी स्टँडवरची गर्दी, जे दिसेल ते.

भाव कसा पडला?

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. फोटो सहसा कुणी विकत घेत नाही. विकली जाते ती तो वापरायची परवानगी, म्हणजेच लायसन्स. १९८०-९० च्या काळात ही परवानगी चांगलीच महाग होती. मुंबईत डिनोडियासारख्या एजन्सीकडे फोटो मागितला की आधी प्रश्नांची सरबत्ती व्हायची. कशासाठी हवाय? कव्हरवर की आतल्या पानाच्या कोपऱ्यात? प्रती किती काढणार? किती महिने वापरणार? फक्त महाराष्ट्रात की देशभर? उत्तरं बघून भाव ठरायचा. या पद्धतीचं नाव ‘राइट्स-मॅनेज्ड’.

मग इंटरनेट आलं. २००० मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केली. सुरुवातीला तिथे डिझायनर मंडळी आपसात फुकट फोटो द्यायची-घ्यायची, पुढे किरकोळ भाव लागला. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंजर यांनी शटरस्टॉक काढली आणि सबस्क्रिप्शनचा फंडा रुजवला. महिन्याचे पैसे भरा, ठरलेल्या आकड्यापर्यंत फोटो उतरवा. आयस्टॉकची घोडदौड बघून २००६ मध्ये गेटी इमेजेस या बड्या कंपनीने ती ५ कोटी डॉलरला विकत घेतली. इथे चालणारं लायसन्स म्हणजे ‘रॉयल्टी-फ्री’. नाव ऐकून अनेकांना वाटतं फुकट. तसं नाही हं! एकदा पैसे भरा, मग पुन्हापुन्हा वापरा, दर वापराला वेगळी रॉयल्टी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खरं सांगायचं तर माझ्यासारख्यांना या क्रांतीने फायदाच झाला. नाहीतर नांदगावच्या पोराला मुंबईच्या एजन्सीत कोण उभं करणार होतं? आता घरबसल्या फोटो चढवले की जगात कुठूनही कुणीही घेऊ शकतं. मजा होती बॉस, पहिला फोटो विकला गेला तेव्हा घरी पेढे वाटले होते.

पण दुकान त्यांचं, काउंटर त्यांचं आणि भावफलकही त्यांचाच. आयस्टॉक आधी साध्या, म्हणजे एक्सक्लुझिव्ह नसलेल्या फोटोग्राफरला सरसकट २० टक्के द्यायची. २०१० मध्ये तिने नवे दर जाहीर केले आणि २०११ पासून वर्षभरातल्या विक्रीनुसार १५ ते २० टक्के सुरू झाले. खरा दणका बसला तो शटरस्टॉकचा, तोही ऐन कोरोनात. तोपर्यंत तिथे सबस्क्रिप्शनवरच्या एका डाउनलोडला २५ ते ३८ सेंट मिळायचे. तुमची आजवरची एकूण कमाई जेवढी जास्त तेवढा दर जास्त, आणि एकदा वरच्या पायरीवर गेलात की तिथून कुणी हलवत नसे. १ जून २०२० पासून टक्केवारी आली. वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५ टक्के, मग चढत चढत २५ हजारांच्या पुढे ४० टक्के. आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर! कल्पना करा, दर नव्या वर्षी एचआर तुम्हाला परत ट्रेनी करतंय.

सबस्क्रिप्शनच्या मोठ्या प्लॅनमध्ये एक फोटो ग्राहकाला साधारण तीस सेंटला पडत असेल, तर त्याचे १५ टक्के होतात साडेचार सेंट. हे फारच लाजिरवाणं दिसलं असतं, म्हणून कंपनीने किमान १० सेंटची हमी दिली. २०२५ च्या हिशेबात साधारण साडेआठ रुपये. पुण्यात एवढ्यात कटिंगसुद्धा येत नाही. शिवाय टॅक्सचा फॉर्म भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर तिथलं सरकार ३० टक्के कापतं. भरला तर करारानुसार १५ टक्के.

जगभरच्या अनेक फोटोग्राफरांनी निषेध म्हणून आपले फोटो विक्रीतून काढून घेतले. साठा कोट्यवधी फोटोंचा, त्यात काही गेले काय नि राहिले काय! टक्केवारी तशीच राहिली.

प्रश्न विचारणारा गेला

पैसे कमी झाले याचं रडगाणं खूप जण गातात. मला जास्त खटकतं ते वेगळं. भाव पाडताना ते जुने प्रश्नही गेले. कुठे वापरणार, किती दिवस, कशासाठी, हे विचारायला माणूस लागतो, आणि साडेआठ रुपयांसाठी माणूस कोण ठेवणार? २०२० मध्ये गेटीनेही आपल्या जाहिरातीजोग्या, ‘क्रिएटिव्ह’ फोटोंसाठी राइट्स-मॅनेज्ड लायसन्स बंद केलं. वरच्या थरातल्या दुकानातही प्रश्न विचारणं थांबलं म्हणायचं.

अटी उरल्या आहेत, नाही असं नाही. स्टँडर्ड लायसन्समध्ये साधारण ५ लाख प्रतींपर्यंत छापता येतं. टी-शर्ट, मग किंवा कॅलेंडरवर घालून विकायचं असेल तर जास्त पैशांचं एक्स्टेंडेड लायसन्स लागतं. ‘एडिटोरियल’ असा शिक्का असेल तर फोटो बातमी-लेखासाठीच, जाहिरातीत नाही. नांदगाव स्टेशनच्या फलाटावरच्या गर्दीचे माझे सगळे फोटो याच खात्यात पडून आहेत, कारण गर्दीतल्या प्रत्येकाची सही आणणार कुठून? पण हे सगळं लिहिलेलं असतं बारीक अक्षरांत. आमच्या ऑफिसात ते वाचणारा मला अजून भेटलेला नाही. तुमच्या ऑफिसात असेल तर त्याला जपा.

आणि मग काय होतं? मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका महिलेची याचिका सुनावणीला आली. तिचं म्हणणं असं, की गावातल्या ओळखीच्या फोटोग्राफरने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉकवर टाकला. तिथून तो कुठे कुठे पोचला बघा. केंद्राचं ग्रामविकास मंत्रालय, महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक आणि ओडिशा ही राज्य सरकारं, तेलंगणातली काँग्रेस, अशा अनेकांच्या जाहिरातींत ती झळकली. तिला पत्ताच नाही! न्यायालयाने हा प्रकार गंभीर असल्याचं म्हणत या सगळ्यांना आणि शटरस्टॉकलाही नोटिसा काढल्या.

तिचं म्हणणं खरं धरलं तर साखळी कशी आहे बघा. फोटोग्राफरला डाउनलोडमागे काही रुपये. साइटला त्याहून जास्त. सरकारांना तयार चेहरा, जवळपास फुकटात. आणि जिचा चेहरा, तिला शून्य. जुन्या एजन्सीतल्या त्या चौकस माणसाने ‘सरकारी जाहिरात? मग बाईंची सही दाखवा’ एवढं विचारलं असतं, तर गाडी तिथेच अडली असती. ती एजन्सी काही समाजसेवा करत नव्हती. लायसन्स महाग होतं, भानगड झाली तर नुकसान मोठं होतं, म्हणून ती विचारायची.

त्या सहीच्या कागदाला ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. चेहरा ओळखू येत असेल आणि फोटो जाहिरातीसाठी विकायचा असेल तर तो लागतोच. लहान मूल असेल तर आई-वडिलांची सही. साइट तो मागते, पण कागदावरची सही खरी की टेबलावर बसून मारलेली, हे तिला न्यूयॉर्कात बसून कसं कळणार?

कायद्याची आणखी एक गंमत आहे, जी गावोगावच्या आमच्या लग्नवाल्या फोटोग्राफर मित्रांना सांगितली की ते गार पडतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं, की कुणी पैसे मोजून तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाच्या अल्बममधली नवरी, हळदीतला नवरदेव, हे फोटो ‘इंडियन वेडिंग’ म्हणून परस्पर साइटवर टाकले तर ते दुसऱ्याचा माल विकल्यासारखं आहे. हौसेने, स्वतःच्या खर्चाने काढलेला फोटो मात्र तुमचा. चेहऱ्याच्या परवानगीचा मामला तरीही वेगळा उरतोच.

आता यात एआय आलंय. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शटरस्टॉकने ओपनएआयबरोबरची भागीदारी जाहीर केली आणि ज्यांचे फोटो यंत्राला शिकवायला वापरले त्यांच्यासाठी एक फंडही काढला. मार्च २०२३ मध्ये अडोबीने फायरफ्लाय आणलं, तेही अडोबी स्टॉकवरच्या फोटोंवर शिकून. फोटो चढवताना २०१५ साली जी अट मान्य केली, तिच्यात यंत्राला शिकवणं बसतं का, यावर फोटोग्राफर भांडत राहिले. रिलीजवर सही करणाऱ्या माणसाला तर यातलं कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यात जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉकने विलीनीकरण जाहीर केलं. दोन मोठी दुकानं एक झाली तर भाव वाढवून कोण मागणार आणि कुठे जाऊन?

नांदगावातला करार

गेल्या उन्हाळ्यात घराजवळच्या एका चाळीत कांदा निवडणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे होते. चैत्र-वैशाखातलं ऊन, पत्र्यातून येणारी तिरपी किरणं, कांद्याच्या सालींचा उडणारा गुलाबी कचरा. असला लाइट स्टुडिओत लाखभर खर्चूनही मिळत नाही! मी रिलीजचा इंग्रजी फॉर्म काढला आणि सगळ्यात पुढे बसलेल्या मावशींना मराठीत वाचून दाखवायला सुरुवात केली. जगभर, कायमचा, कुठल्याही माध्यमात...

त्यांनी हातातला कांदा बाजूला ठेवला. ‘कुठं लावणार हा फोटो, दादा?’

‘ते मला नाही सांगता येत, मावशी. कुणीही घेऊ शकतं.’

‘म्हणजे दारूच्या जाहिरातीत पण?’

‘तसलं चालत नाही म्हणतात. पण बँकेच्या, खताच्या, औषधाच्या, कुठल्याही पार्टीच्या...’

‘पार्टीच्या नको बाबा. गावात राहायचंय आम्हाला.’ बाकीच्या हसल्या. मग त्याच म्हणाल्या, ‘तोंड नको. हात घे की. हात काय, सगळ्यांचे सारखेच.’

मी हातांचे फोटो काढले. भेगाळलेली बोटं, हिरव्या बांगड्या, मुठीत तीन कांदे. चेहरा नाही म्हणून मावशींची सही लागली नाही. सगळ्यांच्या चहाचे आणि मावशींचा वेळ घेतला त्याचे मिळून दोनशे रुपये मी चाळीच्या मालकांसमोरच त्यांच्या हातात दिले. तो फोटो आजवर अकरा वेळा विकला गेलाय. तीन वेळा एका परदेशी फूड ब्लॉगवाल्याने उतरवला असावा, असं त्या दिवसाच्या नोंदींवरून वाटतं. बाकी आठ जणांनी कुठे लावला, ते साइट सांगत नाही.