धावणाऱ्या मुलांची पादत्राणे

हिवाळ्यात क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की खेड्यांतील शाळांतून एक प्रसंग वारंवार घडताना दिसतो. शाळेच्या पटांगणावर वर्षभर अनवाणी धावून पहिला येणारा मुलगा केंद्राच्या स्पर्धेसाठी निवडला जातो. वडील बाजाराच्या दिवशी हौसेने बूट आणतात. परंतु ते पुढील वर्षीही चालावेत म्हणून दोन मापे मोठे घेतात व पुढच्या भागात कापूस कोंबतात. स्पर्धेच्या दिवशी ते बूट प्रथमच पायात चढतात. वळणावर पाय आतल्या आत सरकतो, टाचेवर फोड येतो आणि एरवी सहज जिंकणारा मुलगा मागे पडतो. दोष मापाचा असतो. परंतु आपल्यालाच धावता येत नाही, अशी त्या मुलाची समजूत होऊन बसते.

धावण्यासाठी बूट हवेतच काय, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. इथिओपियाचा अबेबे बिकिला याने १९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन शर्यत अनवाणी जिंकली. १९६४ साली टोकियो येथे तीच शर्यत त्याने बूट घालून जिंकली. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचे नियमही खेळाडूस अनवाणी धावण्याची मुभा देतात. तेव्हा केवळ बूट नाहीत या कारणास्तव एखाद्या मुलीस वा मुलास शर्यतीतून वगळणे सर्वथा अनुचित होय. स्वच्छ, मऊ मातीच्या पटांगणावर अनवाणी धावल्याने निरोगी पायाची हानी होत नाही. मात्र बाभळीचे काटे, काचा, तापलेली खडी यांपासून पायाचे रक्षण झाले पाहिजे. शिवाय जेथे उघड्यावर शौचास बसण्याची चाल आहे, तेथील ओलसर मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात व मुलांना रक्तक्षय जडतो, हेही विसरता कामा नये.

मुलाचा पाय म्हणजे मोठ्या माणसाच्या पायाची लहान प्रतिकृती नव्हे. प्राथमिक शाळेच्या वयात त्यातील हाडांचा काही भाग अद्याप मऊ कूर्चेचाच असतो. त्यामुळे आखूड बुटात बोटे दुमडली तरी मूल पुष्कळदा तक्रार करीत नाही. साधारणतः आठ ते चौदा वर्षांच्या धावणाऱ्या मुलांत टाचेच्या मागील बाजूस दुखू लागण्याचा प्रकार आढळतो. तेथील वाढत्या भागावर ताण पडल्याने तसे होते. अशा मुलास काही काळ विश्रांती द्यावी व दुखणे न थांबल्यास डॉक्टरांकडे पाठवावे. त्यास ‘ढोंगी’ ठरविण्याची घाई करू नये.

माप घेण्याची रीत सोपी आहे. दिवसभराच्या हालचालीने पाय किंचित फुगतो, म्हणून माप सायंकाळी घ्यावे. भिंतीलगत कागद ठेवून, पायमोजे घातलेल्या मुलास टाच भिंतीला टेकवून उभे करावे. बसलेल्या मुलाचे माप कमी भरते. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करावी. हे बोट अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पाय मोजून मोठ्याचे माप धरावे व त्यात सुमारे एक सेंटीमीटर मिळवावा. तेवढ्या लांबीची खराट्याची काडी कापून पालकांजवळ द्यावी. ती बुटात आतून सरळ, न वाकता व फारशी न हलता बसली, तर लांबी योग्य समजावी. पायाची बाह्यरेषा काढून कापलेला कागदही सोबत द्यावा. तो बुटाच्या तळावर ठेवल्यास कडा वर वळू नयेत. बुटावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये, कारण निरनिराळ्या कारखान्यांची मापे जुळत नाहीत.

बूट हलका असावा. हातात घेऊन वाकविला असता तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टाचेभोवतीचा भाग चिमटीत दाबल्यास घट्ट लागावा आणि नाडी बांधलेली असावी. किमतीवरून गुण ठरवू नये. चकचकीत, जाड तळाच्या महाग बुटापेक्षा मापात बसणारा साधा कॅनव्हासचा बूट केव्हाही बरा. थोरल्या भावाचा वापरलेला बूट एका बाजूने झिजला असेल तर तो धाकट्यास देऊ नये. शाळेच्या गणवेशाचे काळे बूट रोजच्या वापरास ठीक असले, तरी शर्यतीसाठी ते जड पडतात.

नवे बूट स्पर्धेपूर्वी किमान दोन आठवडे आधी आणावेत व प्रथम चालण्यास, मग थोडे धावण्यास वापरावेत. अनवाणी धावणाऱ्या मुलाची पाऊल टाकण्याची पद्धत बुटात बदलते. सवय होण्यास अवधी लागतो. तेवढा अवधी उरला नसेल आणि मैदान निर्धोक असेल, तर त्यास अनवाणीच धावू द्यावे.

या वयात पाऊल वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढते. म्हणून दर तीन महिन्यांनी माप पुन्हा घ्यावे लागते. लांबीमापनाचा पाठ चालू असताना मुलांनीच परस्परांची पावले मोजून ती तारखेसह वहीत नोंदविल्यास पाठही होतो आणि बाजाराच्या आदल्या दिवशी पालकांना सांगण्यास आकडाही तयार राहतो.