आधी तालुका, मग गुण

शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी संकेतस्थळावर लावायची आहे. आधी तालुका, तालुक्यात जास्त गुण वर, गुण सारखे असतील तर नावाप्रमाणे. माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. संगणकाला यातली एकेक अट फोडून सांगावी लागते.

रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी सुरू केलेल्या पीएचपीवर आज विकिपीडिया आणि वर्डप्रेस चालतात. या भाषेत अशी यादी बहुमितीय अ‍ॅरे म्हणून साठते: बाहेर एक मोठा अ‍ॅरे, आत प्रत्येक विद्यार्थ्याचा छोटा अ‍ॅरे, त्यात नाव, तालुका, गुण. नुसतं ‘सॉर्ट’ म्हटलं, तर पीएचपी पहिल्या रकान्यापासून तुलना सुरू करते आणि सगळी यादी नावाप्रमाणे लावून टाकते.

इथे ‘यूसॉर्ट’ कामाला येतं. त्याला तुलनेचा नियम प्रोग्रामर स्वतः लिहून देतो. हा नियम एका वेळी दोनच ओळी पाहतो. उत्तर ऋण आलं तर पहिली ओळ आधी, धन आलं तर नंतर, शून्य म्हणजे बरोबरी. समजा, वाईच्या आर्याला ९२ गुण आहेत, वाईच्याच समीरला ९५ आणि कराडच्या नेहाला ८८. नेहा आणि समीर यांचा निकाल तालुक्यावरच लागतो, नेहा आधी. आर्या आणि समीर यांच्यात तालुक्याचं उत्तर शून्य येतं, म्हणून गुण पाहिले जातात आणि समीर वर जातो. २०१५ साली पीएचपी ७ मध्ये आलेलं ‘स्पेसशिप’ चिन्ह ऋण, शून्य, धन यांपैकी योग्य ते उत्तर एकदम देतं.

सगळ्याच अटींवर बरोबरी झाली तर? मूळ क्रम टिकेल याची हमी २०२० च्या पीएचपी ८ पासून मिळाली. त्याआधी ती नव्हती.

मराठी यादीत आणखी दोन खाचखळगे आहेत. साधी तुलना युनिकोडच्या क्रमाने होते आणि तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो. त्यामुळे काळे हे काशीकरांच्या आधी येतात. मराठी वर्णमालेप्रमाणे ‘ळ’ ‘ह’नंतर येत असल्याने ते मागे हवेत. देवनागरीत साठवलेले गुणही पीएचपीला आकडे वाटत नाहीत, नुसती अक्षरं वाटतात. मग ९८ मिळवणारा १०० मिळवणाऱ्याच्या वर चढतो.

दोन्हींवर उपाय आहेत. नावांची तुलना भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणाऱ्या ‘कोलेटर’कडे सोपवून त्याला मराठी भाषा नेमून द्यावी. गुण संख्या म्हणून साठवावेत आणि पानावर दाखवतानाच देवनागरीत करावेत.