एलव्हीएममधली डिस्क 'मिसिंग' दिसतेय? आधी आर्काइव्ह उघडा
लिनक्सवर व्हॉल्यूम ग्रुपमधली एखादी डिस्क 'मिसिंग' दिसली की लगेच व्हीजीरिड्यूस चालवू नका, कळकळीची विनंती! 'रिमूव्ह मिसिंग'ला 'फोर्स' जोडलंत, तर त्या डिस्कवर थोडासा भाग असलेले लॉजिकल व्हॉल्यूमही अख्खे उडतात.

डिस्क वाचताना अडखळत असेल तर आधी डीडीरेस्क्यूने तिची प्रत काढा. पण नुसता सुरुवातीचा मेटाडेटा पुसला गेला असेल, तर डेटा बहुधा जागेवरच असतो. ग्रुपच्या जुन्या रचना एलव्हीएम 'ईटीसी'मधल्या आर्काइव्ह फोल्डरात साध्या टेक्स्ट फाइलींत जपून ठेवतं. ही सोय मला फार आवडते! त्यातून हरवलेल्या डिस्कचा यूयूआयडी घ्या, पीव्हीक्रिएटला तो आणि तीच रिस्टोअर फाइल द्या, मग व्हीजीसीएफजीरिस्टोअर. व्हॉल्यूम दिसू लागले की माउंट करण्याआधी एफएससीके चालवा, पण काहीही न बदलता, फक्त तपासणीपुरतं.