बॅटरी सगळ्यात शेवटी

गाडीची डिकी उघडते आणि सगळ्यात आधी बाहेर येते ती वाळूची बादली. तिच्यामागून पंख, शेपूट, मग फोमचं पांढरं धड. वेल्ह्याच्या अलीकडे, कानंद खोऱ्यातल्या या माळावर मामा-भाचे पुण्याहून उजाडताच येऊन ठेपलेत. खालची भातखाचरं कापून मोकळी झालीत, दव अजून सुकायचंय, आणि तोरण्याचा माथा धुक्यात आहे. उन्हाळ्यात हे दोघे भोरकडे, भाटघरचं पाणी उतरलं की काठच्या उघड्या जमिनीवर जातात. तिथं जागा ऐसपैस, पण विमान धरणात पडलं की राम म्हणायचं.

रान ज्यांचं आहे ते आबा बांधावर उकिडवे बसलेत. वाडीतली पोरंही जमलीत. "रिमोटचं इमान!"

मामा पंखाचे स्क्रू आवळतात आणि विमान दोन बोटांवर तोलतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर तोल साधायला हवा. शेपूट खाली जातं. "बॅटरी पुढं घे जरा." भाचा ती बोटभर सरकवतो, पण जोडत नाही. विमान आडवं ठरतं. शेपटीकडे जड राहिलेलं विमान हातातून सुटताच नाक वर करतं आणि खाली येतं. मग रिमोटवर कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो.

बॅटरी तीन सेलची लायपो. छोट्या मीटरवर आकडे उमटतात: ४.१९, ४.२०, ४.१९. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे ठीक. दुसऱ्या एका बॅटरीचं पोट मात्र किंचित फुगलंय. मामा ती अंगठ्यानं चाचपतात आणि सरळ वाळूत ठेवून देतात.

"चालंल की ती अजून," एक पोरगा म्हणतो.

"चालेल. पण कधी पेट घेईल ते ती सांगणार नाही."

आता ट्रान्समीटर चालू. थ्रॉटलची दांडी पार तळाशी. मग बॅटरीची पाळी, आणि इथं मामांचा आवाज पहिल्यांदा चढतो. "सगळे मागं! पंख्याच्या समोर नको, बाजूलाही नको." पेट्रोलचं इंजिन निदान आवाजानं धाक देतं. ही मोटर गप्प बसलेली असते, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. मला तर तिचीच जास्त भीती वाटते. बॅटरी जोडली की ती चालूच धरायची. दांडीला चुकून कोपर लागलं तरी नऊ इंची प्रॉप मिनिटाला हजारो फेरे घेतो, आणि त्यापुढे बोटाचा निभाव लागत नाही.

पिवळा प्लग खट्कन बसतो. मोटर बारीक सूर काढते. भाचा धड घट्ट धरून बसलाय. मामा दांडी उजवीकडे नेतात.

"मामा, उलटं जातंय!"

उजव्या पंखाची झडप वर यायची ती खाली गेलीय. काल सर्व्हो बदललाय, त्याचा हा प्रताप. ट्रान्समीटरच्या मेनूत दिशा फिरवली जाते आणि सगळ्या झडपा पहिल्यापासून तपासल्या जातात. मग मामा ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून संपर्क तुटल्यावर मोटर थांबते का, तेही बघतात. थांबते.

आबा आभाळाकडे बघतात. "आत्ता बरं हाय. ऊन चढलं की खालनं वारा सुटंल. त्या सोंडंच्या मागं नेऊ नगा, तितं घारीबी गटांगळ्या खात्यात."

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हौसेचं मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. हवाई नकाशात जागा हिरव्या पट्ट्यात असली तरी वर मुभा ४०० फुटांची. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर; त्याच्या पायथ्याशी हे ४०० फूट फारच थिटे वाटतात.

भाचा पंखाखाली, प्रॉपच्या बराच मागे हात धरतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर सरळ आडवं फेकतो. ते थोडं दबतं, सावरतं, वर चढतं. सूर्याच्या अंगाला न नेता मामा ते उत्तरेच्या आभाळात फिरवतात. पोरांच्या माना त्याच्यामागे वळतात. एक घार जवळ येते, तसं ते लांब वळवतात. चौथ्या मिनिटाला पंख अचानक डुचमळतो. खालचं गवत एका बाजूला झुकलंय. मामा लगेच फेरा आवरता घेतात आणि थ्रॉटल बंद करून विमान गवतावर घसरत उतरवतात.

"झालं? एवढ्यात?" आबा.

पोरं धावत सुटतात. "थांबा! बॅटरी निघाल्याशिवाय हात लावायचा नाही."

भाचा प्लग ओढतो, मीटर लावतो. ३.८१, ३.८२, ३.८१. "मामा, अजून जवळपास अर्धी आहे."

मामा पंखाचे स्क्रू काढायला लागलेत.